मुखपृष्ठ तेवढं आपलं

चंदीगडच्या सचिवालयात, उच्च न्यायालयात आणि पंजाब विद्यापीठात पन्नास-साठच्या दशकांत सागवानी, वेताने विणलेल्या खुर्च्या आल्या. ल कॉर्ब्युझिएचा चुलतभाऊ पियर जेनरे आणि त्याच्याबरोबर काम करणारे भारतीय वास्तुविशारद यांनी त्या नव्या शहरासाठी आखल्या होत्या. पुढे वेत फाटला, पाय डगमगू लागले आणि कचेऱ्यांनी त्या गच्चीवर, जिन्याखाली रचून ठेवल्या. मग भंगार म्हणून लिलाव झाले. परदेशी व्यापाऱ्यांनी ते भंगार उचललं, दुरुस्त केलं आणि पॅरिस, लंडन, न्यूयॉर्कच्या लिलावघरांत मांडलं. शहराचा नकाशा उठवलेली गटाराची लोखंडी झाकणंसुद्धा तिकडे विकली गेली. अशा वस्तूंच्या विक्रीवर केंद्रीय गृह मंत्रालयाने बंदी घातली ती फेब्रुवारी २०११ मध्ये. परदेशातले लिलाव तरीही थांबले नाहीत. पुरावस्तूंविषयीच्या आपल्या १९७२ च्या कायद्यात संरक्षण मिळायला वस्तू किमान शंभर वर्षं जुनी असावी लागते, आणि चंदीगड शहरच तेवढं जुनं नाही.

जुन्या कॉमिक्सची गत हीच आहे. १९६४ चा ‘इंद्रजाल कॉमिक्स’चा अंक कायद्याच्या नजरेत पुरावस्तू व्हायला २०६४ उजाडेल. तोवर तो रद्दी आहे, किलोवर जाणारी. खुर्ची निदान लाकडाची असते, पाय मोडला तर बसवता येतो. कॉमिकचा कागद हलका, आम्ल धरणारा, एकदा पिवळा पडला की परत पांढरा न होणारा. म्हणून हा प्रश्न छंदापुरता राहत नाही. आपल्याकडच्या जुन्या कॉमिक्सपैकी काय जपायचं, कशासाठी जपायचं आणि कोणी जपायचं, याचा विचार आताच व्हायला हवा. माझं म्हणणं आधीच सांगतो: या अंकांत सर्वांत मोलाचं पान बहुतेक वेळा मुखपृष्ठाचं आहे, आणि त्याचं मोल लावताना आपण ज्याने ते रंगवलं त्यालाच वगळत आलो आहोत.

सुरुवात इंद्रजालपासून करावी लागते. टाइम्स ऑफ इंडियाची मालक कंपनी बेनेट, कोलमनने मार्च १९६४ मध्ये मुंबईहून ही मालिका सुरू केली. तेव्हा टाइम्समध्ये असलेले अनंत पै या उपक्रमात होते. पहिले ३२ अंक वेताळाचे, म्हणजे फँटमचे होते. नंतर मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी, बझ सॉयर अशी किंग फीचर्स या अमेरिकन वितरण संस्थेची इतर मंडळी आली. अंक आधी मासिक होता, मग पाक्षिक झाला, १९८१ पासून साप्ताहिक. १९९० मध्ये मालिका बंद पडेपर्यंत ८०३ अंक निघाले. इंग्रजी, हिंदी, मराठी, बंगाली, तमिळ अशा अनेक भाषांत ते वाचले गेले. मराठी घरांत वेताळ, मँड्रेक आणि लोथार ही नावं त्यातूनच रुळली.

आतलं चित्र मात्र आपलं नव्हतं. ली फॉकने वेताळ जन्माला घातला तो १९३६ मध्ये, अमेरिकन वर्तमानपत्रांतल्या रोजच्या पट्टीसाठी. रे मूर, विल्सन मकॉय, साय बॅरी यांनी काढलेल्या त्या पट्ट्या मुंबईत आल्या, त्या कापून अंकाच्या पानांत बसवल्या गेल्या, संवाद बदलले गेले. मूळ गोष्टीतला बंगाला देश ‘देंकाली’ झाला, कारण वेताळाचं जंगल भारतात असल्याचा समज इथल्या वाचकाला खटकला असता. संपादनाची ही करामत दाद देण्यासारखी आहे. पण रेघ परदेशातलीच राहिली. इथे नव्याने काढलेलं चित्र एकच होतं, वरचं. वर्तमानपत्राच्या पट्टीला मुखपृष्ठ नसतं. ते मुंबईत कोणीतरी कोऱ्या कागदावर रंगवायचं होतं.

ते रंगवलं गोविंद ब्राह्मणिया यांनी. बी. गोविंद या नावाने ते ओळखले जातात. पहिल्या पन्नासेक अंकांची मुखपृष्ठं त्यांची, आणि मलपृष्ठावर भिंतीला लावण्याजोगं चित्रही असे. अमेरिकेत त्याच काळात गोल्ड की प्रकाशनासाठी जॉर्ज विल्सन वेताळाची मुखपृष्ठं रंगवत होता. जाणकार संग्राहक गोविंद यांचं काम त्याच्या शेजारी ठेवतात, आणि ते योग्यच आहे. आतल्या पट्टीतल्या दोन-अडीच इंचांच्या काळ्या रेघांच्या चौकटीतून त्यांना पूर्ण पानाचं रंगीत चित्र उभं करायचं होतं. पट्टीत जंगल म्हणजे चार पानं आणि एक खोड. मुखपृष्ठावर त्या जंगलाला खोली यायला हवी, अंधार यायला हवा, मशालीचा उजेड वेताळाच्या खांद्यावर पडायला हवा. शिवाय स्टेशनवरच्या स्टॉलवर दोरीला चिमट्याने लटकवलेला अंक फलाटावरून जाणाऱ्या मुलाला लांबून दिसला पाहिजे. या सगळ्या अटी पाळून महिन्याला, मग पंधरवड्याला एक चित्र द्यायचं, हे काम सोपं नव्हतं.

पुढे १९७६ मध्ये आबिद सुरती यांनी ‘बहादुर’ निर्माण केला. केशरी कुर्ता, जीन्स, चंबळचा मुलूख, डाकूंच्या विरोधात उभं राहिलेलं नागरिकांचं दल. त्याचीही सुरुवातीची चित्रं गोविंद यांचीच होती. आधी दुसऱ्याच्या नायकाला मुखपृष्ठावर उभं केलेल्या चित्रकाराच्या हाती अखेर आपल्याकडचा नायक आला, आतल्या पानांसह. इंद्रजालचा संच समोर ठेवून पाहिला तर भारतीय कॉमिक चित्रकला मुखपृष्ठावरून आत कशी शिरली, ते डोळ्यांनी दिसतं. हे पाहायचं तर मुखपृष्ठं शाबूत हवीत.

ती शाबूत का नसतात, यामागे साधी कारणं आहेत. मलपृष्ठावरचं चित्र भिंतीसाठीच होतं, त्यामुळे मुलांनी ते कापलं. कात्री मागच्या पानावर चालली की पुढचं पानही पिनेपासून सुटतं. सांभाळून ठेवणाऱ्या घरांनी वीस-पंचवीस अंक एकत्र करून बाइंडिंगला दिले. बाइंडरने कडा छाटल्या, कधी मुखपृष्ठंच काढून टाकली, कारण जाड कागदाने पुठ्ठा नीट बसत नाही. भाड्याने पुस्तकं देणाऱ्या लायब्ऱ्यांनी अंक टिकावा म्हणून बाजूने जाड दोऱ्याचे टाके घातले, वर खाकी कागद चिकटवला, नावावरच शिक्का मारला. म्हणून सुरुवातीच्या अंकाची आतली पानं मिळतात आणि पुढची-मागची पानं मिळत नाहीत, असं वारंवार होतं. नव्या संग्राहकाला आणखी एक गोष्ट माहीत असावी. इंद्रजालचे क्रमांक १२३ आणि १२४ संपामुळे छापलेच गेले नाहीत. संच पुरा करायच्या नादात ते शोधत फिरू नये, आणि कोणी ‘आहे’ म्हणाला तर पैसे काढू नयेत. ऐंशीच्या दशकात क्रमांकांऐवजी खंड आणि अंक अशी पद्धत आली, तिथेही याद्या लावताना घोळ होतो.

अमर चित्र कथेची गोष्ट वेगळी आहे, आणि मराठी वाचकाला ती अधिक जवळची वाटावी. अनंत पै यांनी १९६७ मध्ये इंडिया बुक हाउसमार्फत ती उभी केली. पहिले दहा क्रमांक पाश्चात्त्य परीकथांचे होते. बंगळूरला १९६५ मध्ये कन्नडमध्ये त्यांची सुरुवात झाली होती. भारतीय कथा आली ती अकराव्या क्रमांकाने, ‘कृष्ण’. चित्रकार राम वाईरकर. त्यांच्यामागून आलेली नावं वाचली की महाराष्ट्रातल्या एका पिढीची हजेरीच लागते: प्रताप मुळीक, दिलीप कदम, सी. एम. विटणकर, रमेश उमरोटकर, अशोक डोंगरे. ‘टिंकल’ या मुलांच्या नियतकालिकातला शिकारी शंभू काढणारे वसंत हळबे आणि सुप्पंडी काढणारे पुन्हा वाईरकरच. विटणकर आणि उमरोटकर यांची अमर चित्र कथेसाठी केलेली मुखपृष्ठं तर कॅलेंडर आणि सिनेमाचं पोस्टर यांच्या मधल्या वाटेवरची आहेत: मध्यभागी एकच मोठी आकृती, तिच्यावर तिरपा उजेड, मागे धूळ किंवा आभाळ, आणि चेहऱ्यावर नेमका एक भाव.

इथे चंदीगडकडे पुन्हा वळतो. पंजाब, हरियाणा आणि दिल्लीच्या पट्ट्यात ऐंशीच्या दशकात मुलांनी सर्वांत जास्त वाचली ती हिंदी कॉमिक्स: डायमंड, मनोज, राज. राज कॉमिक्सचा ‘नागराज’ १९८६ च्या सुमाराला आला, आणि त्याला पहिलं रूप देणारा हात प्रताप मुळीक यांचा होता. अमर चित्र कथेत राजे आणि ऋषी रंगवलेल्या माणसाने हिरव्या अंगाचा, सापांशी नातं असलेला नायक उत्तरेच्या बाजाराला दिला. चंदीगडच्या सेक्टर १५ मधल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत किंवा दिल्लीच्या दर्यागंजच्या रविवारच्या पुस्तकबाजारात (तो २०१९ मध्ये पदपथावरून महिला हाटमध्ये हलवला गेला) मराठी माणसाने जुना नागराज उचलला, तर तो आपल्याच माणसाचं काम हातात घेतो. हे मराठीत फारसं कोणी सांगत नाही. मुंबईचं फाउंटन, माटुंग्याचं किंग्ज सर्कल, पुण्याचा जुना बाजार इथे इंद्रजाल शोधणारे आहेत. उत्तरेतल्या बाजारांत मराठी चित्रकार शोधणारा क्वचित.

मुखपृष्ठासाठी अंक जपण्याची सवय मराठीला कॉमिक्सच्याही आधीपासून आहे. गोव्याच्या मातीतले दोन चित्रकार, दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) आणि रघुवीर मुळगावकर (१९१८–१९७६), यांनी दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठाला घराघरांत मान मिळवून दिला. दलालांनी १९४५ मध्ये ‘दीपावली’ सुरू केला तो चित्रकाराचा अंक म्हणूनच. मुळगावकरांनी बाबूराव अर्नाळकरांच्या ‘झुंजार’ आणि ‘काळा पहाड’ यांना चेहरे दिले. त्या रहस्यकथांचा कागद हलका, छपाई घाईची. वरचं चित्र मात्र असं की कथा विसरली तरी ते आठवतं. आज त्या पुस्तिका जमवणाऱ्यांपैकी कित्येकांना गोष्टीत रस नाही, त्यांना मुळगावकर हवे आहेत. तिकडे ‘चांदोबा’च्या जुन्या अंकांसाठी एम. टी. व्ही. आचार्य आणि वड्डादि पापय्या यांच्या मुखपृष्ठांमागे लागलेले आहेत. वाईरकर, विटणकर, मुळीक यांची पिढी या दलाल-मुळगावकर परंपरेतच वाढली. कॉमिक्सचं मुखपृष्ठ परदेशातून आयात झालं असं मानणाऱ्यांनी एकदा मुळगावकरांचा झुंजार आणि गोविंद यांचा वेताळ शेजारी ठेवून पाहावा. छायेतून उजेडात येणारा नायक आपल्याकडे आधीच होता.

जगाच्या बाजारात या गोष्टीला काय किंमत आहे, तेही पाहू. अमेरिकेत रॉबर्ट ओव्हरस्ट्रीटची भावपुस्तिका १९७० मध्ये निघाली, आणि २००० पासून सीजीसी ही कंपनी अंक तपासून अर्ध्यापासून दहापर्यंत गुण देते व पारदर्शक पेटीत तो कायमचा बंद करते. सुपरमॅनचा पहिला अंक, जून १९३८ चा ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’ क्रमांक १, एप्रिल २०२४ मध्ये ६० लाख डॉलरला गेला. तो नायकाच्या पहिल्या दर्शनाचा भाव आहे. केवळ मुखपृष्ठासाठी शोधले जाणारे अंक वेगळे. १९४४ चा ‘सस्पेन्स कॉमिक्स’ क्रमांक ३ आतल्या कथांसाठी कोणी घेत नाही. अ‍ॅलेक्स शोम्बर्गच्या मुखपृष्ठासाठी घेतात. मॅट बेकरचं ‘फँटम लेडी’ क्रमांक १७ (१९४८) आणि जॉनी क्रेगचं ‘क्राइम सस्पेनस्टोरीज’ क्रमांक २२ (१९५४) ही मुखपृष्ठं तर एकेकाळी मुलांना बिघडवणारी म्हणून बदनाम झाली. त्यातलं दुसरं अमेरिकन सेनेटच्या सुनावणीत दाखवलं गेलं. आज त्यांना मोठी मागणी आहे. आणि मूळ चित्र हाती लागलं तर आकडे आणखी चढतात. फ्रँक फ्रेझेटाचं ‘इजिप्शियन क्वीन’, म्हणजे १९६९ च्या एका भयकथांच्या मासिकाचं मुखपृष्ठ, २०१९ मध्ये ५४ लाख डॉलरला विकलं गेलं. टिनटिनचा चित्रकार एर्जे याने ‘द ब्लू लोटस’साठी १९३६ मध्ये काढलेलं आणि छपाईला महाग पडेल म्हणून नाकारलं गेलेलं मुखपृष्ठ जानेवारी २०२१ मध्ये पॅरिसला सुमारे ३२ लाख युरोला गेलं.

या आकड्यांनी हुरळून जाऊ नये. त्या बाजारामागे पन्नास वर्षांच्या याद्या, सूच्या, चित्रकारांची चरित्रं आणि ग्रंथालयं आहेत. मिशिगन स्टेट विद्यापीठात आणि ओहायोच्या बिली आयर्लंड ग्रंथालयात कॉमिक्सचे प्रचंड संग्रह आहेत. क्योतोला २००६ पासून मांगाचं संग्रहालय आहे. आधी अभ्यास झाला, मग भाव आला. आपल्याकडे उलटं होण्याची भीती मला वाटते: भाव आधी येईल, अंक मोजक्या कपाटांत बंद होतील आणि कोणी काय रंगवलं ते लिहून ठेवायला माणूस उरणार नाही. अमर चित्र कथेवरचा सविस्तर ग्रंथ अमेरिकेतल्या कार्लाइन मॅक्लेन यांनी २००९ मध्ये लिहिला. त्यांचे आभार मानावेत. आणि वाईरकर-विटणकरांवर असा ग्रंथ मराठीत का नाही, हेही स्वतःला विचारावं.

अमेरिकन पद्धतीचे गुण देण्याची नक्कल इथे करू नये, असं माझं ठाम मत आहे. त्या मोजमापात शिक्का, नाव, टाका, घडी हे सगळे दोष धरले जातात. आपल्याकडचा अंक मात्र दहा हातांतून फिरला, म्हणूनच तो मुलांपर्यंत पोचला. चंदीगडच्या खुर्च्यांच्या पायांवर खात्याची अक्षरं आणि क्रमांक रंगवलेले असतात. तीच अक्षरं आज त्या खुर्चीच्या खरेपणाचा पुरावा मानली जातात, आणि ज्या खुर्चीवर ती आहेत तिला अधिक मान मिळतो. गिरगावच्या किंवा मिरजेच्या एखाद्या लायब्ररीचा शिक्का असलेला, आत परतीच्या तारखा लिहिलेला मराठी इंद्रजाल मला कोऱ्या अंकापेक्षा मोलाचा वाटतो. तो कुठे, कधी आणि किती वाचला गेला, याची दुसरी नोंद कुठेही नाही. शिक्का खोडणारे, रसायनाने उडवणारे विक्रेते त्या अंकाचं नुकसान करतात. चित्राच्या चेहऱ्यावर शिक्का आला तर वाईट वाटतं, हे खरं. तरी तो तसाच राहू द्यावा. पारदर्शक पेटीविषयीही तेच. पेटीत बंद केलेला अंक उघडता येत नाही, त्याचं फक्त मुखपृष्ठ उरतं. मुखपृष्ठावर माझं प्रेम आहे म्हणूनच सांगतो, आतली गोष्ट वाचल्याशिवाय चित्रकाराने तिच्यातला कोणता क्षण निवडला आणि का, ते कळत नाही.

खरं-खोटं ओळखण्याचं कौशल्य मात्र शिकून घ्यावं, कारण जुन्या मुखपृष्ठांच्या रंगीत प्रती काढून आतल्या पानांना चिकटवलेले अंक बाजारात येतात. दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरतं. जुन्या छपाईत रंग बारीक ठिपक्यांच्या जाळीने पडलेला असतो. चार रंगांचे ठिपके एकमेकांशेजारी फुलासारखे दिसतात आणि कुठेकुठे रंग रेघेबाहेर सरकलेला असतो. आजच्या प्रिंटरने काढलेल्या प्रतीत ती जाळी पुसट होते किंवा तिच्यावर दुसऱ्या ठिपक्यांचा थर दिसतो. पिना पाहाव्यात: जुन्या पिनेचा गंज कागदात उतरतो, आणि मुखपृष्ठावरचा गंजाचा डाग आतल्या पानावरच्या डागाशी जुळायला हवा. मुखपृष्ठाचा कागद जाड आणि थोडा तकतकीत, आतला खरखरीत. पण दोघांचं वय एकच दिसलं पाहिजे. आत पिवळं आणि बाहेर पांढरंशुभ्र असेल तर सावध व्हावं. अमर चित्र कथेत आणखी एक मेख आहे. तिची पुनर्मुद्रणं भरपूर झाली आणि कित्येक शीर्षकांची मुखपृष्ठं नंतर बदलली. पहिल्या आवृत्तीचं मुखपृष्ठ हवं असेल तर मलपृष्ठावरची किंवा आतली शीर्षकांची यादी पाहावी. त्या अंकाच्या क्रमांकानंतरची बरीच नावं यादीत असतील तर तो पुढचा छाप.

जतनाविषयी थोडक्यात. सेलोटेप कधीही लावू नये. त्याचा गोंद काही वर्षांत तपकिरी होऊन कागदात मुरतो आणि मग निघत नाही. लॅमिनेशन म्हणजे अंक मारणंच. पीव्हीसीची स्वस्त पाकिटं वायू सोडतात आणि शाई ओढतात. पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलिनची घ्यावीत, मागे आम्लरहित पुठ्ठा ठेवावा. मुंबई-कोकणात खरा शत्रू दमट हवा आणि बुरशी, विदर्भ-मराठवाड्यात कोरडा उन्हाळा आणि वाळवी, कसर दोन्हीकडे. लोखंडी कपाट भिंतीपासून थोडं दूर असावं, पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी उघडावं. उन्हाच्या बाजूला चौकटीत लावलेलं मुखपृष्ठ काही वर्षांत लाल आणि पिवळा गमावतं आणि निळसर होऊन बसतं. भिंतीवर लावायचंच असेल तर चांगली प्रत काढून ती लावावी.

आता हक्कांकडे, कारण मुखपृष्ठ रंगवणाऱ्यावर सर्वांत मोठा अन्याय इथे झाला आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, मोबदला देऊन सांगून काढून घेतलेल्या चित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, ते काढून घेणारा असतो. म्हणजे बहुतेक मुखपृष्ठांच्या बाबतीत प्रकाशक. याच कायद्यात कलम ५३अ आहे: मूळ चित्र दहा हजार रुपयांहून जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना त्या किमतीत वाटा मिळावा, कमाल दहा टक्के. पण तो वाटा कलम १७ नुसार जो पहिला मालक असेल त्यालाच. त्यामुळे हा हक्क सर्वांत गरजेचा ज्यांना, त्या मुखपृष्ठकारांच्याच हातून तो निसटतो. उरतं कलम ५७. हक्क विकले गेले असले तरी हे काम माझं आहे असं सांगण्याचा अधिकार कर्त्याकडे राहतो. ज्याचं नाव छापलंच नाही त्याच्यासाठी हा अधिकार कोण बजावणार?

नावाचा प्रश्न नुसता सन्मानाचा नाही, त्याला कायद्याची धार आहे. कर्ता ठाऊक असेल तर कॉपीराइट त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. दलालांची चित्रं २०३२ मध्ये आणि मुळगावकरांची २०३७ मध्ये खुली होतील. निनावी कामाचा हक्क मात्र प्रकाशनानंतर साठ वर्षांनी संपतो, त्याआधी कर्त्याची ओळख जाहीर झाली नाही तर. १९६० च्या दशकातलं सही नसलेलं, नोंद नसलेलं मुखपृष्ठ या हिशेबाने एकेका वर्षाने सर्वांसाठी खुलं होत चाललं आहे, आणि कपड्यांवर, कपबशांवर, पोस्टरांवर छापलं जाऊ शकतं. ज्या घरातल्या माणसाने ते रंगवलं त्या घराला कोणी विचारायचं कारण उरत नाही.

संग्राहकाने एका गोष्टीकडे डोळेझाक करू नये. वेताळाच्या गोष्टींत जंगलातली माणसं गोऱ्या पुरुषाच्या आज्ञेची वाट पाहताना दिसतात. लोथार बराच काळ चामडं पांघरून मँड्रेकच्या मागे उभा राहतो. अमर चित्र कथेच्या मुखपृष्ठांवर नायक उजळ आणि राक्षस काळे, ही सवय फार काळ टिकली. ही चित्रं फाडून टाकावीत असं मी म्हणत नाही. जतन करताना, प्रदर्शनात मांडताना, मुलांना दाखवताना हे स्पष्ट शब्दांत सांगावं. एखाद्या चित्रातलं कसब मोठं असू शकतं आणि त्यातली दृष्टी चुकीची असू शकते. दोन्ही एकत्र पाहता येतात.

मग हे काम कोणी करायचं? १९५४ च्या कायद्याने प्रकाशकांनी प्रत्येक पुस्तकाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरावीक ग्रंथालयांना द्यायची असते. पण ग्रंथालयांत नियतकालिकं बांधताना मुखपृष्ठं आणि जाहिरातींची पानं काढण्याची जुनी रीत आहे, त्यामुळे तिथेही नेमकं हवं ते पान सापडेल याचा भरवसा नाही. दुसरीकडे बालभारतीने एक चांगला धडा घालून दिला आहे. नोव्हेंबर १९७१ पासून निघणाऱ्या ‘किशोर’चे जुने अंक मुखपृष्ठांसह संगणकावर सर्वांना मोफत पाहता येतात. शासकीय संस्थेला हे जमतं, तर अमर चित्र कथेच्या मराठी आवृत्त्या, मराठी इंद्रजाल आणि अर्नाळकरांच्या पुस्तिका यांच्या मुखपृष्ठांची चित्रकारांच्या नावासह सूची करणं राज्य मराठी विकास संस्थेला किंवा एखाद्या विद्यापीठाला अवघड नाही. पूर्ण अंक हक्कांमुळे खुला करता येत नसेल तर निदान सूची तरी. गेल्या वीसेक वर्षांत वाचकांनी स्वखर्चाने अंक स्कॅन करून जे वाचवलं, त्याचं ऋण मान्य करून ती व्हावी. फक्त एक विनंती त्या वाचकांनाही: संगणकावर रंग उजळ करून, डाग पुसून जे ‘नवं’ मुखपृष्ठ तयार होतं, त्याच्याबरोबर मूळ स्कॅन जसाच्या तसा ठेवा. पुढच्या अभ्यासकाला गोविंद यांनी कोणता हिरवा वापरला आणि छापखान्याने त्याचं काय केलं, ते मुळातच शोधावं लागेल.

आणि ज्यांच्या माळ्यावर, पलंगाखालच्या ट्रंकेत असे अंक पडून आहेत, त्यांना सांगणं इतकंच. रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी एकदा गठ्ठा सोडा. मुखपृष्ठाच्या खालच्या कोपऱ्यात सही दिसते का पाहा, आतल्या पहिल्या पानावर चित्रकाराचं नाव आहे का पाहा, आणि एका वेगळ्या कागदावर अंकाचा क्रमांक, वर्ष आणि ते नाव लिहून आत ठेवा. अंकावर मात्र काही लिहू नका. तुमच्या घरात, शेजारात किंवा नात्यात कोणी प्रकाशकांसाठी मुखपृष्ठं रंगवली असतील आणि ती व्यक्ती हयात असेल, तर यंदाच जाऊन भेटा. कोणतं काम त्यांचं, ते त्यांच्याच तोंडून विचारून घ्या, लिहून ठेवा आणि त्यावर त्यांची सही घ्या.